हिरवं, लाल की निळं?

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. संध्याकाळी पुतण्याचा फोन आला. त्यानं वर्षभरापूर्वी कर्ज काढून ट्रक घेतला आहे. तो महामार्गावरच्या एका स्पेअर पार्टच्या दुकानात उभा होता. म्हणाला, "चाचा, कूलंट घ्यायचंय. हिरवं घेऊ, लाल घेऊ की निळं? दुकानदार म्हणतो, सगळं एकच, रंग तेवढा वेगळा."

आता मी कवी माणूस. बी. ए. झालो तोही मराठी घेऊन. इंजिनाबद्दल मला विचारावं अशी माझी काही योग्यता नाही. पण त्या मुलाचे वडील, म्हणजे माझे थोरले भाऊ, आता नाहीत. त्यामुळे असे प्रश्न माझ्याकडे येतात. आणि या एका प्रश्नाचं उत्तर आमच्या घरानं फार महागात विकत घेतलेलं आहे. ते आज तुम्हाला सांगावं म्हणतो. तुमच्याकडे ट्रक नसेल, पण टेम्पो असेल, ट्रॅक्टर असेल, किमान एखादी जुनी जीप असेल. नियम थोड्याफार फरकानं तेच.

माझे अब्बा ट्रक चालवायचे. त्यांच्या काळात 'कूलंट' हा शब्द आमच्याकडे कुणी उच्चारत नसे. रेडिएटरमध्ये पाणी घालायचं, एवढंच ठाऊक. केबिनमध्ये पाण्यानं भरलेला पत्र्याचा डबा कायम असे. शाळेला सुट्टी लागली की मी त्यांच्याबरोबर जायचो. खंबाटकीचा घाट चढून वर आलं, की चार-पाच ट्रक बॉनेट उघडून कडेला उभे दिसायचे. प्रत्येकातून वाफ निघत असायची. मला ते दृश्य फार आवडायचं. दमलेले बैल उभे राहून फुरफुरताहेत असं वाटायचं. अब्बा म्हणायचे, "इंजिनाला तहान लागली."

इंजिनाला ही तहान का लागते? डिझेलच्या प्रत्येक रुपयातले साधारण सहा आणे गाडी ओढायला लागतात, असं ढोबळ मानानं धरा. उरलेल्या दहा आण्यांची नुसती उष्णता होते. त्यातली बरीचशी सायलेन्सरवाटे निघून जाते, पण मोठा वाटा इंजिनाच्या लोखंडात शिरतो. सिलिंडरमध्ये डिझेल पेटतं त्या क्षणी आतला वायू दोन हजार अंशांच्या आसपास तापतो. पिस्टन ज्या अॅल्युमिनियमचा बनवतात, ते सुमारे साडेसहाशे अंशांना वितळतं. म्हणजे ही उष्णता क्षणोक्षणी काढून घेतली नाही, तर इंजिन स्वतःच्याच आगीत जळेल. हे काम करायला सिलिंडरच्या भोवती पाणी खेळवलेलं असतं. पंप ते फिरवतो, रेडिएटरच्या बारीक नळ्यांमध्ये ते थंड होतं आणि पुन्हा इंजिनात येतं.

नुसतं पाणी हे काम उत्तम करतं. उष्णता वाहून नेण्यात पाण्याचा हात धरणारा द्रव स्वस्तात मिळत नाही. मग अडचण काय? अडचणी तीन आहेत. पाणी लवकर उकळतं, पाणी लोखंडाला गंज चढवतं आणि पाणी गोठतं.

पहिली अडचण उकळण्याची. पाणी समुद्रसपाटीला शंभर अंशांना उकळतं, महाबळेश्वरच्या उंचीवर साधारण पंचाण्णवलाच उकळतं. ट्रकचं इंजिन चालतंच मुळी ऐंशी ते पंचाण्णव अंशांच्या दरम्यान. म्हणजे भरलेली गाडी घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर चढत असेल, तर हातात फारसं अंतर उरत नाही. इथे रेडिएटरचं झाकण मदतीला येतं. घरातल्या कुकरसारखंच ते काम करतं. आत दाब धरून ठेवतं आणि दाबाखाली पाणी उशिरा उकळतं. झाकणाचा दाब एक बार असेल, तर पाण्याचा उत्कलनबिंदू एकशेवीस अंशांपर्यंत जातो. पाण्यात निम्मं ग्लायकॉल असेल, तर त्याहून आणखी सात-आठ अंश वर. म्हणून झाकणाचं रबर फाटलं असेल, तर कितीही महागडं कूलंट घाला, ते उकळणारच. झाकण किरकोळ किमतीचं असतं, पण ते बदलायला लोक कंटाळतात.

दुसरी अडचण गंजाची, आणि तिच्यापायीच आमच्या भाईजानचा ट्रक बसला. २००४ सालची गोष्ट. त्यांनी अब्बांच्या नंतर स्वतःचा ट्रक घेतला होता. हप्ते व्यवस्थित चालले होते. रेडिएटरमधलं पाणी मात्र दर आठवड्याला थोडं कमी व्हायचं. ते जिथे थांबतील तिथल्या बोअरचं पाणी घालायचे. कुणीतरी सांगितलं म्हणून एका दुकानातून हिरव्या रंगाचा स्वस्तातला डबाही आणून ओतला होता. एका सकाळी त्यांनी ऑइलची पट्टी ओढून पाहिली, तर ऑइल दुधाळ झालेलं, थेट चहासारखं. ऑइलमध्ये पाणी उतरलं होतं.

मिस्त्रीनं इंजिन खोललं. सिलिंडरच्या आत जी लोखंडी नळी बसवलेली असते, तिला लायनर म्हणतात. ट्रकच्या अनेक इंजिनांमध्ये या लायनरच्या बाहेरच्या अंगाला थेट पाणी लागतं. त्याला वेट लायनर म्हणतात. मिस्त्रीनं तो लायनर बाहेर काढून माझ्या हातात दिला. आतून गुळगुळीत आणि चकचकीत, पण बाहेरून एका बाजूला, उभ्या पट्ट्यात, बारीक बारीक भोकं. सोंडकिड्यानं पोखरलेले ज्वारीचे दाणे तुम्ही पाहिले असतील, तसं ते लोखंड दिसत होतं. त्यातलं एक भोक आरपार गेलं होतं. मी विचारलं, "गंज का?" मिस्त्री म्हणाला, "नुसता गंज नाही. बुडबुड्यांनी खाल्लंय."

बुडबुड्यांनी लोखंड खाल्लं, हे मला तेव्हा काव्यच वाटलं होतं. पण ते अक्षरशः खरं आहे. डिझेल इंजिनात इंधनाचा भडका एकदम उडतो. त्या दणक्यानं पिस्टन लायनरच्या एका अंगावर आपटतो आणि लायनर घंटेसारखा थरथरतो. थरथरताना तो क्षणभर पाण्यापासून मागे सरतो, तिथला दाब एकाएकी घटतो आणि वाफेचे सूक्ष्म बुडबुडे तयार होतात. लायनर परत येतो तेव्हा हे बुडबुडे फुटतात. प्रत्येक बुडबुडा फुटताना लोखंडावर हातोडीचा एक इवलासा घाव बसतो. मिनिटाला शेकडो वेळा, एकाच पट्ट्यात, महिनोन्‌महिने. पावसाच्या थेंबांनी दगड झिजतो म्हणतात, इथे बुडबुड्यांनी बिडाचं लोखंड झिजतं.

यावर उपाय आहे आणि तो कूलंटच्या डब्यात असतो. आपण समजतो की कूलंट म्हणजे गार ठेवणारं औषध. प्रत्यक्षात गार ठेवण्याचं काम मुख्यतः पाणीच करतं. डब्यात दोन गोष्टी असतात. एक, ग्लायकॉल. ते उकळणं आणि गोठणं दोन्ही लांबवतं. दुसरी गोष्ट प्रमाणानं थोडी, पण मोलानं मोठी. ती म्हणजे गंजरोधक रसायनं. ट्रकच्या जुन्या पद्धतीच्या कूलंटमध्ये नायट्राइट असतं. ते लायनरवर एक पातळ, टणक थर चढवतं. बुडबुडा फुटला की घाव त्या थरावर बसतो, लोखंडावर नाही. आणि थर पुन्हा भरून येतो. अर्थात या भरपाईत नायट्राइट हळूहळू संपतं. म्हणून कूलंटची पातळी पूर्ण दिसली, तरी त्यातला जीव गेलेला असू शकतो. भाईजानच्या हिरव्या डब्यात हे काहीच नव्हतं. रंगीत पाणी होतं ते. दोन महिने ट्रक गॅरेजमध्ये उभा राहिला. इंजिनाचं काम, थकलेले हप्ते, गेलेलं भाडं. वहिनींचे दागिने त्यात गेले, ते परत आले नाहीत.

म्हणून पुतण्याच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हे, की रंगावर जाऊ नये. कूलंटमधला रंग हा फक्त रंग असतो. गळती दिसावी आणि कुणी पाणी समजून पिऊ नये, यासाठी तो घालतात. एका कंपनीचं हिरवं आणि दुसऱ्या कंपनीचं हिरवं यांची आतली रसायनं अगदी वेगळी असू शकतात. रंगावरून अंदाज बांधणारे पुष्कळ भेटतात, पण रंगांचा असा सर्वमान्य नियम कुठेही नाही.

मग आतला फरक कसा ओळखायचा? ढोबळपणे तीन घराणी आहेत. पहिलं जुनं घराणं, सिलिकेट, नायट्राइट यांसारख्या क्षारांचं. ते लगेच संरक्षण देतं, पण लवकर संपतं. साधारण दोन वर्षांनी बदलावं लागतं किंवा मध्ये पूरक रसायन घालावं लागतं. दुसरं, सेंद्रिय आम्लांवर आधारलेलं. डब्यावर याला 'ओएटी' म्हणतात. हे सगळीकडे थर चढवत नाही, जिथे गंज धरू लागतो तिथेच जाऊन बसतं. म्हणून जास्त काळ टिकतं, चार-पाच वर्षंही. तिसरं घराणं या दोहोंच्या मिश्रणाचं, 'एचओएटी'. यांपैकी अमुक चांगलं आणि तमुक वाईट असं नाही. तुमचं इंजिन ज्यासाठी बनवलंय, ते चांगलं. आणि ते गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात छापलेलं असतं. ते पुस्तक आपण प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवून देतो, तेवढंच आपलं चुकतं.

नव्या गाड्यांना हे जास्तच लागू आहे. अब्बांच्या ट्रकचा रेडिएटर तांब्या-पितळेचा होता, आता बहुतेक अॅल्युमिनियमचे असतात. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ चा नियम लागू झाला. या इंजिनांपैकी अनेकांमध्ये धुराचा काही भाग थंड करून पुन्हा इंजिनात घेतात, आणि तो धूर थंड करण्याचं काम कूलंटच करतं. म्हणजे त्याच्यावरचा भार वाढला आणि त्याला सांभाळायचे धातूही बदलले. जुन्या इंजिनाला मानवणारं कूलंट नव्याला मानवेलच असं नाही. याच गाड्यांमध्ये डीईएफ नावाचं युरियाचं द्रावण घालायची वेगळी टाकी असते. त्याचा आणि कूलंटचा काही संबंध नाही. घाईत एकाच्या जागी दुसरं ओतलं जाणार नाही, एवढं बघावं.

आता डबा विकत घेताना काय पाहायचं ते सांगतो. डबा उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचायची. आपल्याकडच्या कूलंटसाठी भारतीय मानक आहे, आयएस ५७५९. तो आकडा दिसतो का पाहा. त्यानंतर एएसटीएम हे अमेरिकी मानक. डी ३३०६ हा आकडा मोटारी आणि हलक्या वाहनांसाठीच्या कूलंटचा. डी ६२१० हा जड डिझेल इंजिनांसाठीचा. त्यात लायनरच्या संरक्षणाची सोय आधीच केलेली असते. वेट लायनरच्या ट्रकमध्ये मोटारीचं कूलंट घालणं म्हणजे हमालाच्या पायात सपाता घालण्यासारखं आहे. सपाता वाईट नसतात, पण त्या कामाच्या नसतात. या सर्वांच्या वर इंजिन बनवणाऱ्या कंपनीनं स्वतःचा क्रमांक दिला असेल, तर तो डब्यावर असलाच पाहिजे.

आणखी एक गोष्ट पाहायची. डब्यातलं कूलंट पाणी मिसळून वापरायचं आहे, की तयार आहे? दोन्ही प्रकारचे डबे दिसायला सारखेच असतात. तयार कूलंटमध्ये पाणी घातलं तर ते पातळ होतं, संरक्षण अर्धं होतं. उलट, घट्ट कूलंट पाणी न घालता तसंच ओतणारेही असतात. त्यांना वाटतं, जितकं जास्त तितकं चांगलं. ते खरं नाही. ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं. निव्वळ ग्लायकॉल भरलं तर इंजिन उलट जास्त तापेल. निम्मं-निम्मं हे प्रमाण सर्वात सुरक्षित. पुस्तकात वेगळं सांगितलं नसेल, तर कूलंट चाळीस टक्क्यांच्या खाली आणि साठच्या वर जाऊ देऊ नये.

मिसळायचं पाणीही महत्त्वाचं. आपल्या काळ्या दगडातलं बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं. घरी पाणी तापवायच्या भांड्याच्या बुडाला पांढरा थर बसतो ना, तोच थर इंजिनात आणि रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. तो उष्णता जाऊ देत नाही. शिवाय पाण्यातले क्षार कूलंटमधली रसायनं नासवतात. म्हणून डिस्टिल्ड किंवा डीएम पाणी, जे बॅटरीत घालायला मिळतं, तेच वापरावं. ट्रकभर पाण्याला लागतील तेवढे पैसे एका जेवणाच्या बिलापेक्षा फार जास्त नसतात.

एकदा जे कूलंट भरलं, त्यातच भर घालायची. दोन घराणी मिसळली तर काही वेळा चिकट गाळ धरतो. गाळ नाही धरला, तरी टिकाऊपणा जातो. त्यासाठी त्याच कूलंटचा एक छोटा डबा केबिनमध्ये ठेवावा, अब्बांच्या पत्र्याच्या डब्यासारखा. रस्त्यात नाइलाज झाला, तर साधं स्वच्छ पाणी घालून गाडी मुक्कामी आणायला हरकत नाही, पण नंतर आतलं सगळं काढून नव्यानं भरावं. आणि पातळी वारंवार कमी होत असेल, तर भर घालत बसू नये. पाणी कुठेतरी जातंय. होज पाइप, पंप, हेड गॅस्केट किंवा लायनर. भाईजान दर आठवड्याला भर घालत राहिले, हीच त्यांची चूक झाली.

गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन पुरेसं तापेपर्यंत पाण्याला रेडिएटरकडे जाऊ न देणारा दरवान. त्याला काढलं की इंजिन गरजेपेक्षा थंड चालतं, डिझेल जास्त खातं आणि आतून लवकर झिजतं. तो बिघडला असेल तर बदलावा, पण त्याची जागा रिकामी ठेवू नये.

तिसरी अडचण गोठण्याची. आपल्याला वाटतं, महाराष्ट्रात कुठे बर्फ पडतं? पण आपला कांदा आणि द्राक्षं घेऊन गाड्या कुठे कुठे जातात! काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस कडक थंडीचे, तिथे त्यांना चिल्लई कलान म्हणतात. रात्री तापमान शून्याच्या बरंच खाली जातं. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगतं आणि त्या फुगण्यापुढे लोखंडाचा ब्लॉकही तडकतो. निम्मं-निम्मं कूलंट उणे सदतीस अंशांच्या आसपासपर्यंत टिकतं. गाडी कुठलं भाडं घेईल हे मालकाला आधी ठाऊक नसतं, तेव्हा बाराही महिने प्रमाण बरोबर ठेवणं हेच शहाणपण.

दोन सूचना जिवाच्या आहेत. तापलेल्या इंजिनाचं झाकण उघडू नका. आमच्या अब्बांच्या क्लीनरनं एकदा ओलं गोणपाट टाकून झाकण फिरवलं आणि कोपरापर्यंत हात भाजून घेतला. कुकरचं झाकण वाफ असताना आपण उघडत नाही, मग इथे घाई का? इंजिन निवू द्यावं. आणि कोरड्या पडलेल्या, तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतू नये, हेड तडकतं.

दुसरी सूचना घरातल्या बायाबापड्यांसाठीही आहे. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि ते विष आहे. पोटात गेलं तर आधी नशा चढल्यासारखं वाटतं, मग मूत्रपिंडं निकामी होतात. मुलं, कुत्री, मांजरं गोडीनं फसतात. म्हणून उरलेलं कूलंट कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीही भरू नका. जुनं काढलेलं रस्त्यावर, ओढ्यात, विहिरीजवळ ओतू नका. थोडंसं जरी कुणाच्या पोटात गेलं, तरी लक्षणांची वाट न पाहता डबा बरोबर घेऊन दवाखाना गाठा. वेळेवर गेलं तर यावर उपचार आहेत.

तर त्या संध्याकाळी मी पुतण्याला म्हटलं, "बेटा, रंग सोड. डबा उलटा कर आणि मागं काय लिहिलंय ते मला वाचून दाखव." तो वाचू लागला. पहिल्या डब्यावर मानकाचा आकडाच नव्हता. दुसऱ्यावर मोटारींचा होता. तिसऱ्यावर डी ६२१० सापडला, त्याच्या गाडीच्या पुस्तकातला क्रमांकही सापडला. मी विचारलं, "रंग कोणता आहे?"

तो हसला. म्हणाला, "चाचा, तो बघायचा राहिलाच."